आमच्या बँडची पट्टी

२ जून

स्मरणिकेतल्या लेखाच्या लेखिकेस,

खाली लिहिलेल्या वस्तू मी माझ्या स्वतःच्या हातांनी केलेल्या आहेत. आपल्या लेखात त्यांना ‘भंगारातून जमवलेली वाद्यं’ म्हटलं आहे, म्हणून लिहावं लागतं.

बासऱ्या आठ, विजेची वायर ज्यातून नेतात त्या नळीच्या. भोकं तापल्या खिळ्यानं नव्हे, ड्रिलनं पाडलेली. कॉर्नेटला ओठ लावायची मुखं सहा, नळाच्या तोट्यांच्या पितळेतून लेथवर काढलेली. स्वरांचे कागद ठेवायचे स्टँड चौदा, मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. एकही आजवर डुगडुगलेला नाही. ढोल गळ्यात अडकवायचे पट्टे, जुन्या दप्तरांचे. झांजांच्या मुठी, लाकडी. ट्रॉम्बोनची सरकनळी एक, अख्खी. झडपांच्या स्प्रिंगा, बॉलपेनमधल्या नव्हेत, लोक उगाच तसं म्हणतात, तार आणून मी वळलेल्या. वाद्यांचं कपाट, कुलपासकट. कुलूप विकतचं आहे, पण किल्ली माझी.

यात भंगारातलं काय, ते आपणच सांगावं.

बँडला चाळीस वर्षं होतात म्हणून स्मरणिका काढायची आणि बँडचा इतिहास एका माजी विद्यार्थिनीनं लिहायचा, ही कल्पना मोठ्या बाईंची. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांना कल्पना फार सुचतात. माझा त्यात हात नाही. आपला लेख त्यांनी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. सगळे हसले, टाळ्याही पडल्या. मी चुका मोजत होतो. सात निघाल्या. सगळ्या इथं देत नाही, मोठ्या तेवढ्या देतो.

बँड ‘संगीताच्या ओढीतून’ निघाला नाही. रस्ता ओलांडायचा होता म्हणून निघाला. शाळा रस्त्याच्या अलीकडे, मैदान पलीकडे, मधून ट्रक. रोज खेळाच्या तासाला चित्रकलेच्या बाई जीव मुठीत धरून पोरांना पलीकडे न्यायच्या. एक दिवस त्यांनी रंगाची बादली उपडी धरली आणि डस्टरनं बडवायला घेतली. पोरं आपोआप ओळीत पाय टाकायला लागली आणि समोरचा ट्रक थांबला. ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, “बाई, काय निघालंय?” बाई म्हणाल्या, “चौथी ब निघालीय.” हे मला बाईंनी स्वतः सांगितलं आहे, दोन वेळा, आणि दोन्ही वेळा अक्षर न् अक्षर सारखं.

पुढची बारा वर्षं बँड म्हणजे बादल्या आणि दोन ढोल. मग काचेचा कारखाना बंद पडला. त्यांचा कामगारांचा बँड होता. त्यांनी जाताना अकरा पितळी वाद्यं शाळेला देऊन टाकली. दिली, फेकली नाहीत. ‘फेकलेली’ हा शब्द काढावा.

‘बँडमास्तरांना उपजत संगीताची जाण होती.’ साफ चूक. मी शाळेत आलो तो पाण्याचा पंप दुरुस्त करायला. कॉर्नेट कुठून गळतंय हे कुणाला कळेना, मला कळलं. पंपात नळीतून पाणी ढकलायचं, इथं हवा. गळती ती गळतीच. वाजवायला मी मागाहून शिकलो, कुणाकडे न जाता, प्रत्येक वाद्य मुलांच्या एक धडा पुढे. कधी तेवढाही पुढे नसायचो. त्या दिवशी मी “आज उजळणी” म्हणायचो.

कृपया दुरुस्त्या कराव्यात.

आपला,
बँडमास्तर

ता. क. आपल्या मातोश्रींनी पत्र वाचलं. म्हणाल्या, “लेकीला पत्र पाठवताय की नोटीस?” मी म्हणालो, माहिती बरोबर असली की झालं. आतल्या खोलीतला पंखा दुरुस्त केला आहे. कुणी येणार म्हणून नव्हे. आवाज करत होता.


१९ जून

लेखिकेस,

सुधारलेला लेख मोठ्या बाईंनी दाखवला. सहा चुका गेल्या, आभारी आहे. सातवी तू तशीच ठेवलीस. (वर ‘आपण’ लिहायचं होतं. खोडत नाही, कागद चांगला आहे.)

ते वाक्य असं: ‘आमचा बँड साऱ्या जगापेक्षा अर्धा सूर खाली वाजतो आणि वाजवणाऱ्यांना ते ठाऊक नसतं.’ बाजूला पेन्सिलीनं मोठ्या बाईंसाठी लिहिलं आहेस, ‘हे वाक्य काढायचं असेल तर लेखच काढा.’ ते मीही वाचलं. पेन्सिल असली तरी ठळक होती.

एक तर अर्धा सूर नाही. अर्ध्याच्या थोडा आत.

दुसरं, कारण न सांगता असं वाक्य टाकणं म्हणजे आम्हाला उघडं पाडणं. कारण हत्ती आहे. तुला माहीत आहे, वाचणाऱ्याला नाही, म्हणून तुझ्यासाठी नव्हे तर लेखासाठी लिहून देतो.

काचेच्या कारखान्यातून आलेल्या वाद्यांत सगळ्यात मोठा बास हॉर्न, त्याला पोरं पहिल्या दिवसापासून हत्ती म्हणतात. प्रत्येक पितळी वाद्याला सूर जुळवायची एक छोटी सरकती नळी असते. ती बाहेर ओढली की नळी लांब होते, सूर उतरतो; आत ढकलली की चढतो. हत्तीची ही नळी पूर्ण बाहेर ओढलेल्या अवस्थेत कायमची अडकली होती. मी तेल सोडलं, तापवली, बर्फ लावला, पायात धरून ओढली. तिथला पत्रा झिजून कागदासारखा झालेला. आणखी जोर केला असता तर हत्ती हातात दोन तुकडे होऊन आला असता. दुसरा बास आणायचा तर शाळेचं छप्पर विकावं लागलं असतं. आणि बासशिवाय बँड म्हणजे जमिनीशिवाय घर.

मग हत्ती वर येत नाही तर बाकीच्यांनी खाली यावं. त्यांच्या सरकत्या नळ्या तेवढ्या बाहेर ओढल्या की निसटायच्या, म्हणून उरलेल्या दहाही वाद्यांच्या नळीत मी एकेक पितळी तुकडा डाखला आणि त्यांना हत्तीच्या सुरात आणलं. बासऱ्या मीच करत होतो, त्या लांब केल्या. अठ्ठावीस वर्षं झाली. जुळवणी ही एकमेकांशी असते. एकमेकांशी आमचा बँड केसाएवढाही हललेला नाही. याला बेसूर कोण म्हणेल?

तू म्हणालीस. चार वर्षांपूर्वी सुट्टीत आलीस आणि सगळ्या मुलांसमोर तो तुझा सूर लावायचा काटा टेबलावर आपटून माझ्या कानाशी धरलास. “बाबा, ऐका.” मी ऐकलं. मी म्हणालो, “तुझा काटा बिघडलाय.” मुलं हसली. मी ते मुलांना हसवायला बोललो असं तू समजलीस, हे तुझी आई सांगते. हसवायला बोललो नव्हतो.

तू संगीत शाळेच्या प्रवेशाला गेलीस तेव्हा तुला सूर गायला सांगितले आणि तू गायलेला प्रत्येक सूर आमचा होता, हेही आईनंच सांगितलं होतं. वर्ष फुकट गेलं, हेही. परीक्षक हसले की नाही, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता तू दुसऱ्यांचे पियानो जुळवतेस आणि रोज सकाळी आधी काटा कानाला लावून मग घराबाहेर पडतेस, असं ऐकतो. कामात चोख आहेस असंही ऐकतो. ते कुठून आलं, यावर लेखात एक ओळ चालली असती.

मोठ्या बाईंना आणखी एक कल्पना सुचली आहे. नदीपलीकडच्या मोठ्या शाळेचा बँड आणि आमचा बँड समारंभात मिळून एक चाल वाजवणार. त्या शाळेत आपली मुलं सातवीनंतर जातातच, तर ‘नातं जुळेल’ म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात सराव.

काय करायचं ते मी बघतो.

बँडमास्तर

ता. क. आई म्हणते, तू खोकत होतीस फोनवर. खोकला पितळाच्या धुळीनं होत नाही, पियानोच्या आत जुनी धूळ असते तिनं होतो. नाकाला फडकं बांधत जा.


८ जुलै

लेखिकेस,

सराव झाला. तुला कळवायचं काही कारण नाही, पण इतिहास तू लिहिते आहेस तर खरा असावा.

चाळीस मुलं आली. सगळ्यांकडे एकसारख्या पेट्या, आत मखमल. आमच्या पोरांनी आधी वाद्यांकडे बघितलंच नाही, मखमलीवरून हात फिरवले. त्यांच्या संगीताच्या बाई तरुण आहेत, बोलायला मोकळ्या. आल्या आल्या म्हणाल्या, “सर, हे स्टँड छत्र्यांचे ना? मी एक घरी नेऊ का बघायला?” मला बाई आवडल्या.

ठरलं की आधी सगळ्यांनी मिळून एकच लांब सूर धरायचा. धरला.

शिट्टी, तुला काय सांगू. दोन मोटारी एकमेकींना घासत जाव्यात तसा आवाज. खिडकीची काच थरथरायला लागली. शिपाई धावत वर आला, “सर, पंप बिघडला का?” पोरं हसून हसून खाली बसली, त्यांचीही आणि आपलीही. एवढी दोस्ती तर पंधरा दिवस एकत्र खेळून होत नाही. ढोलवाले तर परत वाजवा परत वाजवा म्हणून मागे लागले.

मग आपली टाचणी उठली. सातवीतली, काडीसारखी, पण बोलायला टोचरी, म्हणून टाचणी. गेल्या दहा वर्षांत तिच्यासारखं कॉर्नेट कुणी वाजवलेलं नाही. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “सर, यांची वाद्यं बिघडलीत.”

त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, “आमची कशी बिघडतील? गेल्या वर्षीच घेतलीत.”

“म्हणूनच,” टाचणी म्हणाली. “आमची मुरलेली आहेत.”

आपल्या सगळ्या पोरांनी माना डोलावल्या. एकाच्याही मनात शंका नाही. कमरेवर हात कसा ठेवायचा आणि हनुवटी किती वर करायची, हे ती कुणाकडून शिकली ते खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

त्या बाईंनी मला व्हरांड्यात नेलं. म्हणाल्या, “सर, एक विचारू? तुमची मुलं दरवर्षी आठवीला आमच्याकडे येतात, बँडच्या निवडीला उभी राहतात. बोटं इतकी सफाईदार. आणि सूर लावला की उतरलेला. मला वाटायचं, बिचारी घाबरतात. मी त्यांना पाणी द्यायचे, पाठीवर हात फिरवायचे. म्हणायचे, घाबरू नका, परत लावा. परत तेच.”

मी विचारलं, “किती जणांना घेतलंत आजवर?”

“ढोलावर घेतलं की बऱ्याच जणांना.”

“फुंकायला?”

“फुंकायला एकालाही नाही, सर.”

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं, आपल्या मुलांच्या कापडी पिशव्या बघून ती शाळा त्यांना घेत नाही. मी हे मुलांना, पालकांना, शिपायाला, सगळ्यांना सांगत आलो. ती शाळा शिष्ट आहे म्हणून. आणि त्या शाळेतली बाई पोरांना पाणी देत होती.

आत आलो तर टाचणी त्यांच्या बाईंनाच विचारत होती, “पुढच्या वर्षी मला घ्याल ना?” आडपडदा नाही, सरळ. बाई म्हणाल्या, “तू तर फारच छान वाजवतेस. पण…”

“पण काय?”

मी म्हणालो, “मी बघतो.”

स्मरणिकेतलं ते वाक्य राहू दे. फक्त ‘अर्धा सूर’च्या जागी ‘जवळजवळ अर्धा सूर’ कर.

बँडमास्तर


१९ जुलै

चि. शिट्टीस,

गेले दहा दिवस मी शोध घेतला. घड्याळजीकडचं वाजणारं घड्याळ, शेजाऱ्यांची पेटी, बसस्टँडवरची घोषणेआधीची टिंगटाँग, मोबाईलमधला काटा, रेडिओ. सगळ्यांनी आपसांत ठरवून ठेवल्यासारखं. एकजणही हत्तीच्या बाजूनं नाही. तुझी आई म्हणाली, “अहो, साऱ्या जगाला कुठे डाखणार आहात?”

तर असं ठरवलं आहे.

दहा वाद्यांतले दहा तुकडे मी कापून काढणार. मी घातले, मीच काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बासऱ्या नव्या करणार, आखूड. हत्तीची अडकलेली नळी करवतीनं कापून तिथं नवी बसवणार. पत्रा फाटेल अशी भीती अठ्ठावीस वर्षं होती. फाटला तर फाटला, ठिगळ लावायला मी आहेच. तेव्हा माझे हात नवखे होते, आता नाहीत. एवढं स्वतःबद्दल म्हणायला हरकत नाही.

मुलांना सांगितलं. टाचणी म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीचे?”

“चुकीचे नाही. खालच्या मजल्यावर.”

“मग वर काय आहे?”

“बाकीचे सगळे.”

तिनं थोडा विचार केला. “तिथं आपल्याला जागा असेल?”

तिच्या बाजूला झांजा वाजवणारा जाडोबा बसतो, तो म्हणाला, “तुला काय, तू कुठंही घुसशील. जागेचा प्रश्न माझा आहे.” मग सगळे हसले आणि ते एकदाचं झालं.

पण समारंभ आधी आहे आणि सगळं कापून, घासून, जुळवून तोवर होणार नाही. घाईत केलेलं काम मी करत नाही. मोठ्या शाळेच्या बाईंना मी म्हणालो, मिळून वाजवायचं रद्द करू. त्या म्हणाल्या, “का? आमच्या नळ्या बाहेर ओढता येतात की. एका संध्याकाळपुरते आम्ही खाली येतो. पुढच्या वर्षीपासून तुम्ही वर या.” चाळीस जणांचा बँड, नवी वाद्यं, आणि त्या हे असं म्हणाल्या, जसं काही खुर्ची पुढे सरकवायची आहे. त्यांची क्लॅरिनेटं तेवढी उतरत नाहीत; त्या मुलांना झांजा आणि खुळखुळे द्यायचे ठरलं आहे. ती मुलं खूश आहेत.

आमच्या सुरातली ही शेवटची संध्याकाळ. म्हणून जुन्या सगळ्या मुलांना बोलावलं आहे, ज्याला जे आठवत असेल ते त्यानं वाजवावं. सगळी वाद्यं वाटून झाली. हत्ती उरला आहे. तो मी कुणाला दिलेला नाही. तू सहावीत त्याच्यामागे बसायचीस तेव्हा समोरून फक्त दोन वेण्या आणि दोन बूट दिसायचे. शिट्टीएवढी मुलगी आणि अख्खा हत्ती डुलवते म्हणून लोक बघायला यायचे.

आणि काटा लागेल. बाजारात मिळतो, मी जाऊन आलो. पण तीन प्रकारचे होते, आणि त्यातला बरोबर कुठला हे मला ठरवता येईना. दुकानदाराला विचारणं मला जमलं नाही. तुझाच आण.

तुझा बाबा

ता. क. आईला इथं दोन ओळी हव्या आहेत. जागा सोडतो.

ये. परवा ते ‘काटा बरोबर होता तिचा’ असं पंख्याकडे बघून म्हणाले. मी ऐकलं. पंख्यानंही ऐकलं. — आई


२४ ऑगस्ट

प्रिय शिट्टी,

तू होतीसच, तरी समारंभाचं लिहितो. तू हत्तीच्या मागे होतीस, समोरून काय दिसलं ते तुला कळलेलं नाही. आणि तुझ्या लेखातलं शेवटचं पान अजून कोरं आहे असं मोठ्या बाई म्हणाल्या.

आपण शाळेतून निघून रस्ता ओलांडत होतो तेव्हा ट्रक थांबला होता तो आपल्याला बघून नव्हे. वाहतूक थांबवणारी हवालदार मधोमध उभी होती, ती पूर्वी आपल्या बँडमध्ये ढोलावर होती. ती हात वर करून थांबली आणि पायानं ठेका धरायला लागली. हात वर, पाय चालू. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबला, कुणी हॉर्न वाजवला नाही. एकानं वाजवला, त्याच्याकडे तिनं अशी नजर टाकली की त्यानं इंजिनच बंद केलं.

मैदानात दातांचे डॉक्टर आले होते, त्यांना ट्रॉम्बोन हवा होता. तीस रोग्यांच्या वेळा बदलून आले. बेकरीवाल्या दोघी बहिणी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांना मी मुद्दाम एकच स्टँड दिला. पान उलटायची वेळ आली तेव्हा दोघींचे हात एकदम पुढे गेले, आणि मोठी म्हणाली, “उलट तूच. तुला नेहमी घाईच.” ते बोलणंच धरायचं. बसकंडक्टर घरून तालीम करून आला होता आणि तरीही प्रत्येक ओळीत एक थांबा चुकत होता.

लोक मला विचारतात, तुमच्या बँडनं किती वादक घडवले. एकही नाही. तू धरून एकही नाही. तू जुळवणारी आहेस. पण या गावात वयाच्या दहाव्या वर्षी तीस जणांबरोबर एका वेळी श्वास घ्यायला शिकलेली माणसं दर गल्लीत आहेत. शेजारचा चुकला तर त्याच्याकडे न बघता त्याला सांभाळून घ्यायचं, हे त्यांना येतं. हे लेखात घ्यायचं तर घे. माझं नाव घालू नकोस. घातलंस तर नीट घाल.

मोठ्या शाळेची मुलं नळ्या ओढत होती ते तू बघायला हवं होतंस. त्यांच्या बाई म्हणत होत्या, “बाहेर. अजून बाहेर. अजून.” एकाची नळी हातातच आली. जाडोबा त्याला म्हणाला, “काळजी करू नको, आमचे सर डाखतील.” चित्रकलेच्या बाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. मला हाताला धरून म्हणाल्या, “किती मुलं आहेत रे?” मी आकडा सांगितला. म्हणाल्या, “एवढ्यांना मी एका बादलीवर नेलं नसतं.”

मग तो लांब सूर. आधी तुझा हत्ती, एकटा. मग आपले. मग त्यांचे, खाली उतरून आलेले. कुठेही घासलं नाही. कुठला आवाज कुणाचा, हे मला, म्हणजे मला, कळेना. मी हात खाली करायला विसरलो. मुलं निळी पडायची वेळ आली, तेव्हा टाचणीनं डोळे वटारले आणि मी सूर सोडवला.

तुझ्या गालांवर काय होतं ते हत्तीमुळे दिसलं नाही. माझ्या गालांवर घाम होता.

दुसऱ्या दिवशीची, रविवारची सकाळ लिहीत नाही. ती दोघांनाही ठाऊक आहे. फक्त नोंद म्हणून: टाचणीचं कॉर्नेट पहिलं. मी तुकडा कापला, तू काटा टेबलावर आपटून माझ्या कानाशी धरलास. “अजून थोडं, बाबा.” मी घासलं. “अजून.” घासलं. “किंचित.” मला वाटलं तू सूड घेते आहेस. मग म्हणालीस, “बास,” आणि काटा आणि कॉर्नेट एकच झाले, मधे कागद जाणार नाही इतके. टाचणीनं फुंकून बघितलं. तोंड वाकडं करून म्हणाली, “नवाच वाटतो. टोचतो.” तू म्हणालीस, “मुरेल.” तुझी आई दारात उभी होती. तिनं तेवढंच ऐकलं आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली. ती आनंदात असली की आपटते.

तू संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मंगळवारी एक गृहस्थ आले. समारंभाला मागे उभे राहून आवाज टिपून घेत होते तेच, पांढरा शर्ट, कानावर मोठे गोळे. जुनी वाद्यं आणि जुने आवाज जपणारी एक संस्था आहे, तिथले. बँडच्या खोलीत बसले, बाकाला टेकले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही काय करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नाही.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे. तुम्ही काय समजलात ते सांगा.”

म्हणाले, अख्खा बँड स्वतःच्या वेगळ्या पट्टीत बांधलेला, एका माणसानं, एका अडकलेल्या नळीसाठी, आणि अठ्ठावीस वर्षं मुलं त्यात वाजवत आहेत, असं त्यांनी कुठेही ऐकलेलं नाही. त्यांनी माझे तुकडे भिंगातून बघितले. डाखाच्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे कुणी शिकवलं?” मी म्हणालो, “कुणी नाही.” तुला खोटं कशाला सांगू, शिट्टी, या प्रश्नाची मी फार वर्षं वाट बघत होतो.

मग त्यांनी बोलणं मांडलं. बँड आहे तसा ठेवायचा. संस्था दरवर्षी पैसे देणार, बँडच्या खोलीला, मुलांच्या कपड्यांना, प्रवासाला आणि मला मानधन. दारावर पितळी पाटी, ‘या बँडची पट्टी बांधणारे’ आणि खाली माझं नाव. वर्षातून एकदा मोठमोठे लोक ऐकायला येणार. अट एकच: उरलेल्या वाद्यांची नळी कापायची नाही, आणि कॉर्नेटचा तुकडा परत डाखायचा.

मोठ्या बाई तिथंच होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “मास्तर, मी काही सांगणार नाही. बँड तुमच्या हातचा आहे.” त्यांना छप्पर करायचं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांनी छपराचा विषय काढला नाही.

मी त्या गृहस्थांना विचारलं, “आणि मुलं आठवीत गेल्यावर?”

ते म्हणाले, “पुढच्या तुकडीला शिकवाल की तुम्ही. परंपरा चालू राहील.”

“ती गेलेली मुलं कुठं वाजवतील?”

त्यांनी यावर विचार केलेला नव्हता. माणूस वाईट नाही, विचार केला नव्हता एवढंच. बाहेर व्हरांड्यात टाचणी कापलेल्या कॉर्नेटवर मोबाईलमधल्या कुठल्याशा गाण्याबरोबर वाजवत होती, जगाच्या सुरात, ठसक्यात, आणि जाडोबा मधेच झांज मारून तिला चिडवत होता. ते गृहस्थही ऐकत होते. म्हणाले, “छान वाजवते.”

मी म्हणालो, “पुढच्या जूनमध्ये ती नदीपलीकडे बसणार. तिच्या वर्गातले बाकीचे नऊही बसणार. मी नाही म्हणतो.”

“घरी विचारा,” ते म्हणाले. “पंधरा दिवस थांबतो.”

“थांबू नका. पुढच्या रविवारी माझी मुलगी काटा घेऊन येते आहे, आम्ही हत्ती कापणार आहोत.”

ते उठले, पाणी प्यायले, जाताना पुन्हा एकदा जोडावरून बोट फिरवलं. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की एक गृहस्थ येऊन गेले. आकडा तिला सांगितलेला नाही, ती भांडी वेगळ्या कारणासाठी आपटेल. तुला सांगतो, कारण इतिहास तू लिहितेस आणि आकडा बरोबर असायला हवा: पहिल्या वर्षाचे सात लाख वीस हजार, आणि त्यापुढे बँड वाजेल तोवर दरवर्षी तेवढेच.

तुझा बाबा